काकवीचे कान

जबलपूर,
९ जून २०२४

प्रिय वहिनी,

पोचले. खोली बरी आहे. या वसतिगृहात दोनशे मुली आहेत आणि पाळीव प्राणी चालत नाहीत. दोनशे मुली मात्र चालतात. अधीक्षिकेची नेमणूक दोन वर्षांची आहे, तोवर काकवी तुमच्याकडे.

पत्र का लिहितेय म्हणून नवल करू नकोस. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. त्यात अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून तुमच्याकडे प्रत्येक फोन स्पीकरवर. आपलं भांडण माझे वडील, माझा भाऊ, तुमची शालूबाई आणि खालच्या मजल्यावरचे बाळासो असे सगळे मिळून ऐकतात. कागदावर निदान समोरचीचं म्हणणं शेवटपर्यंत वाचावं लागतं.

आता मुद्द्याचं. काकवी स्पॅनियल आहे, म्हणजे तिच्या पोटाला तळ नाही. आताच जेवलेली असली तरी चार दिवसांची उपाशी असल्यासारखी बघते. त्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. सकाळी एक वाटी कोरडं खाणं, संध्याकाळी एक वाटी आणि एक उकडलेलं अंडं. बस्स. आपल्या ताटातलं काही नाही. कांदा तर मुळीच नाही, तो त्यांना विष असतो. रोज कंगवा, नाहीतर काखेत आणि कानामागे जटा होतात. आणि कान! ते इतके लांब आहेत की खाताना, पिताना भांड्यात बुडतात. ओले राहिले की आत चिघळतात. खाणं झालं की दोन्ही कान पुसायचे. तुमच्याकडचा पावसाळा मला माहीत आहे.

येताना तिचं वजन करून घेतलं होतं. बारा किलो चारशे ग्रॅम. हा आकडा मुद्दाम लिहून ठेवतेय.

राग मानू नकोस. पण तू कुत्रं कधी पाळलेलं नाहीस.

तुझी,
इरावती

—

कोल्हापूर,
२३ जून २०२४

प्रिय इरावती,

आकडा मुद्दाम लिहून ठेवलास, छान केलंस. उद्या मी तुझी कुत्री वाळवली म्हणायला बरा. मी कुत्रं पाळलेलं नाही हे खरं, पण गुरुप्रसाद नावाचा तुझा भाऊ सत्तावीस वर्षं सांभाळलाय. तोही जेवण झाल्यावर तसाच बघतो.

काकवी रुळली. अंड्याचं पातेलं वेगळं ठेवलंय, आणि ते गॅसवर चढलं की मी स्वयंपाकघरातून बाहेर. शालूबाई उकडतात. रंकाळ्यावर फिरायला नेलं की चार पावलांवर कुणीतरी अडवतं. परवा एक आजोबा म्हणाले, "पावणं, ह्ये कुत्रं हाय का मेंढरू?" गुरुप्रसादने ऐटीत जात सांगितली. ते म्हणाले, "आसंल की. पर राखण करतंय का?" राखण कसली, कुरिअरवाल्याच्या पायावर लोळण घेते.

अण्णांनी पहिले चार दिवस तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी ती त्यांच्या खाटेखाली जाऊन झोपली, आणि सहाव्या दिवशी ते मला सांगत होते की तिला बेरीज कळते. ऐंशीव्या वर्षी गणिताच्या मास्तरांना विद्यार्थिनी मिळाली.

ताटातलं देण्याचं म्हणशील तर त्याची काळजी तू करूच नकोस. या घरात ताटात उरतंय काय द्यायला? मी लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवशी दोन घास टाकले होते. चाळीस पाहुण्यांसमोर अण्णा म्हणाले, "मुली, या घरात ताट धुतल्यासारखं उचलतात." तेव्हापासून आजपर्यंत मी शीत टाकलेलं नाही. पोट भरलेलं असो, ताप असो, डोहाळे असोत. अण्णांचं ताट तर अजूनही इतकं लख्ख असतं की शालूबाई म्हणतात, घासायचं का पुसून ठेवायचं?

कान पुसते. कंगवा करते. अजून काही हुकूम?

तुझी,
नंदिनी वहिनी

—

जबलपूर,
२१ जुलै २०२४

प्रिय वहिनी,

दादाने पाठवलेला फोटो पाहिला. काकवीची कंबर कुठे गेली? वरून पाहिलं की फासळ्यांच्या मागे आत वळलेली दिसायला हवी. या फोटोत ती सरळ उशीसारखी दिसते. फोटोचा कोन आहे म्हणू नकोस. वजन करून कळव. आणि खरं कळव.

इरावती

—

कोल्हापूर,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय इरावती,

डॉ. धैर्यशील यांच्याकडे नेलं. तेरा किलो नऊशे. घे, खरं कळवलं. दीड किलो अडीच महिन्यांत. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, खाऊ घालतंय कोणतरी." मी म्हटलं, माझ्या हाताची वाटी ठरलेली आहे. ते हसले. प्रत्येक घरात म्हणे असंच सांगतात.

मला हसू आलं नाही. कारण त्यांनी तिचा कान उलटून दाखवला. कानाच्या टोकाचे केस पिवळे झालेत. पिवळे म्हणजे हळदीचे, गं. तुझ्या त्या कोरड्या खाण्यात हळद कुठून आली? म्हणजे आमटीत कान बुडतोय. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे.

कोण देत असेल ते तूच सांग. गुरुप्रसाद सकाळी आठला गोकुळ शिरगावला कामावर जातो तो रात्री आठला येतो. मी दुपारी बारा ते तीन शिकवणीच्या मुली घेते. अण्णा आता त्यांच्या खोलीतच जेवतात, गुडघे दुखतात म्हणून टेबलापर्यंत येणं नको वाटतं त्यांना. ताट आत नेऊन द्यायचं, अर्ध्या तासाने आणायचं. नेहमीसारखंच लख्ख. उरल्या शालूबाई.

चौदा वर्षं आहेत आमच्याकडे. मन धजत नाही. पण हल्ली त्यांचं लक्ष नाही हेही खरं. भात असा गिचका करतात की वाढावा की ओतावा कळत नाही. भाज्या मऊ लगदा. मी दोनदा बोलले. "व्हय वैनी" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एवढा भात कशाला शिजवतात तेही कळत नाही. मनात येतं, कुत्रीसाठी तर नाही?

असा संशय घ्यायचा म्हणजे स्वतःचीच लाज वाटते. पण घेतला खरा.

तुझी,
वहिनी

—

जबलपूर,
२७ ऑगस्ट २०२४

प्रिय वहिनी,

लाजायचं काही कारण नाही. पंधरा किलोच्या स्पॅनियलचं हृदय आणि सांधे दोन्ही जातात. माझ्या मैत्रिणीची तशीच गेली, नवव्या वर्षी. काकवी आता पाचची आहे. मला ती हवी आहे, वहिनी. इथे संध्याकाळी दोनशे मुलींचा गोंगाट असतो आणि खोलीचं दार लावलं की माझ्याकडे बघायला कुणी नसतं.

म्हणून नीट कर. शालूबाईंना लगेच विचारू नकोस, सावध होतील. आठवडाभर रोज दुपारी तीनला तिचे कान बघ आणि त्या दिवशी घरात काय शिजलं होतं ते शेजारी लिही. बाळासोंकडून किंवा गल्लीतून खाऊन येत असेल तर कानाला दुसऱ्याच्या घरचं लागलेलं असेल. घरातलं असेल तर तेही कळेल. माणसं सारवासारव करतात, कान करत नाहीत.

सोबत जुन्या बनियनचं शिवलेलं टोपरं पाठवतेय. दोन्ही कान आत घालून गळ्यापाशी ओढायचं. पण ते चौकशी संपल्यावर घाल, आधी नको.

इरावती

—

कोल्हापूर,
२० सप्टेंबर २०२४

प्रिय इरावती,

चौकशी संपली.

सोमवारी कढी केली होती, कानाला कढी. मंगळवारी शेपू, कानाला शेपू. बुधवारी आमटीत शेवग्याच्या शेंगा होत्या, आणि डाव्या कानाला शेंगेचा तंतू चिकटलेला. गुरुवारी माझा उपास, घरात साबुदाण्याची खिचडी, तर कानाला दाण्याचं कूट! सातही दिवस आमच्याच दुपारच्या जेवणातलं.

रविवारी गुरुप्रसाद घरी होता. सगळ्यांसमोर वही काढली आणि शालूबाईंना विचारलं. अण्णा आत होते, पण त्यांनाही ऐकू जावं म्हणून मोठ्यानेच बोलले. शालूबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "वैनी, चौदा वरसं हाय मी हितं. कुत्र्याला चोरून घालनारी बाई न्हवं मी."

मी म्हटलं, मग कोण घालतंय?

मग म्हणाल्या, "कुत्र्याचं ऱ्हाऊ द्या. अण्णांचं जेवान कमी झालंय, तिकडं बगा की जरा."

मला इतका राग आला! विषय बदलायचा म्हणून म्हाताऱ्या माणसाला मध्ये ओढायचं? मी त्यांचं नुकतंच आणलेलं ताट समोर धरलं. म्हटलं, हे कमी जेवण? शीत दिसतंय का यात? त्यांनी ताटाकडे बघितलं, आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "इस्वास न्हाय तर जातो की मी." चप्पल घातली आणि गेल्या. गुरुप्रसाद जिन्यापर्यंत गेला मागे. त्या थांबल्या नाहीत.

रात्री मला वाईट वाटलं. पण पुढचं ऐक. त्या गेल्यापासून, टोपरं न घालताही, काकवीचे कान स्वच्छ आहेत. रोज बघते. पांढऱ्या रुमालाने पुसून बघते, एक डाग नाही. चोर सापडला, इरावती. चौदा वर्षांची बाई चोर निघाली याचा आनंद कसा व्हावा?

आता स्वयंपाक मीच करते. भात कसा मोकळा, शीत न् शीत वेगळं.

तुझी,
वहिनी

—

कोल्हापूर,
३० सप्टेंबर २०२४

चि. इरावतीस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

तू आणि नंदिनी पत्रे लिहिता हे मला माहीत आहे. पोस्टमन हाक मारतो तेवढी ऐकू येते. म्हणून मीही एक लिहितो.

शालूबाईला घालवले हे बरे झाले नाही. ती निर्दोष आहे असे माझे मत आहे. पुरावा देता येत नाही. ज्या विधानाचा पुरावा देता येत नाही ते मांडू नये असे मी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले, तरी मांडतो. नंदिनी माझे ऐकणार नाही, कारण मी कारण सांगत नाही. तू सांगितलेस तर ऐकेल. तिला परत बोलवायला लिही. माझ्या नावाचा उल्लेख नको.

माझी प्रकृती उत्तम. जेवण उत्तम. नंदिनीला विचार, ताट रोज तिच्याच हातात जाते. ती स्वतः स्वयंपाक करते, फार कष्ट घेते, भात अगदी मोकळा करते.

गुरुप्रसादने वाढदिवसाला घड्याळाला नवा पट्टा आणला होता. हल्लीच्या मालाचा काही भरवसा नाही. दोन महिन्यांत सैल झाला. दुकानदाराकडून दोन भोके जास्तीची पाडून आणली तरी घड्याळ कोपरापर्यंत जाते. फसवतात, दुसरे काय.

काकवी माझ्याजवळच असते. गुणी आहे. तिच्या कानांची मी काळजी घेतो. तिचे वजन वाढले म्हणून तिला बोल लावू नकोस, तिची चूक नाही.

तुझा,
अण्णा

—

जबलपूर,
२६ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

डॉ. धैर्यशील यांनी मला परस्पर कळवलं. १९ तारखेचं वजन पंधरा किलो सहाशे. तू मला लिहिलं नाहीस. का?

शालूबाई गेल्यावर वजन उतरायला हवं होतं. ते आधीपेक्षा जोरात चढलं. कान मात्र स्वच्छ! म्हणजे खाऊ घालणाऱ्याला कानांचं माहीत आहे आणि तो ते सांभाळून घालतो. कानांची युक्ती कुणाला माहीत होती? मला आणि तुला.

मी एकेकाला वगळत गेले. दादा घरी नसतो. ज्या माणसाने सगळ्या घराला शीत टाकू दिलं नाही, ते अण्णा स्वतःच्या ताटातलं कुत्र्याला घालतील हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. शालूबाई नाहीत. मग उरलं कोण?

अण्णांनी मला पत्र पाठवलंय. शालूबाई निर्दोष आहे, पण पुरावा देता येत नाही, आणि माझं नाव सांगू नको, असं लिहितात. ज्या घरात ते राहतात तिथे त्यांना असं चोरून लिहावं लागतं. ते कुणाला घाबरतात, वहिनी? त्यांनी तुला खाऊ घालताना पाहिलं असणार आणि बोलायची सोय नसणार.

मला एवढंच कळत नाही की तू असं का करतेस. कुत्री नकोशी झाली असेल तर तसं लिही. तिला आजारी पाडून परत पाठवायची गरज नव्हती. माझ्या काकवीचं हे करतेस, तर माझ्या वडिलांना नीट जेवायला घालतेस ना, असा प्रश्न आता मला पडतो.

इरावती

—

कोल्हापूर,
७ नोव्हेंबर २०२४

प्रिय इरावती,

गुरुप्रसादने तुला फोनवर दवाखान्याचं सगळं सांगितलंय. अन्ननलिकेत गाठ आहे. तपासणीला पाठवली होती, वाईटच निघाली. सोमवारपासून उपचार सुरू होतात. पण हे कसं कळलं ते त्याने सांगितलं नसेल. ते मला लिहायचंय.

तुझं पत्र ३० तारखेला आलं. मी चकल्या तळत होते. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅस बंद केला, कागद घेतला, आणि वर "इरावतीवन्सं" असं लिहून दोन पानं भरली. तुम्ही, आपण, सगळं. मग वाटलं, अण्णांनाच विचारावं. माझ्यासमोर सांगू देत, कधी घाबरवलं मी तुम्हाला? त्यांना ताट देऊन दहाच मिनिटं झाली होती. एरवी मी अर्धा तास जात नाही. तुझं पत्र हातात धरून तशीच आत गेले. दार वाजवलं नाही.

ते खाटेच्या कडेला बसले होते. ताट खाली फरशीवर. काकवी ताटात तोंड घालून खात होती, आणि अण्णांनी वाकून तिचे दोन्ही कान एका हाताने वर धरले होते. खराब होऊ नयेत म्हणून. दुसरा हात खाटेला टेकवलेला, नाहीतर पडले असते. वाकल्यामुळे सदरा पाठीला चिकटला होता. इरावती, मी त्यांची पाठ बघितली. मणका न् मणका मोजता येत होता.

मला बघून त्यांनी कान सोडले नाहीत. म्हणाले, "नंदिनी, दार लाव. आणि तिचं होऊ दे."

दवाखान्यात काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास किलो. मार्चमध्ये एकसष्ट होते. कुत्रीचं वजन मी तीनदा केलं, त्याची वही केली. त्यांच्या पट्ट्याला भोकं पाडून आणायला मी गुरुप्रसादला पाठवलं आणि दुकानदाराला नावं ठेवली.

तू लिहिलंस, अण्णांना नीट जेवायला घालतेस ना. मी घालत होते गं. रोज. त्यांच्या घशाखाली उतरत नाही असा मोकळा भात.

काल शालूबाईंकडे गेले, फुलेवाडीला. दारात उभी राहिले, आत या म्हणाल्या नाहीत. मी सगळं सांगितलं. पाय धरायला वाकले तर मागे सरल्या. म्हणाल्या, "मला ठावं हुतं की. आषाढापास्नं त्यांच्या घशाखाली उतरंना. म्हनून तर भात गिचका करत हुतो. तेवडा तरी जायचा चार घास."

मी म्हटलं, मग स्पष्ट का नाही बोललात?

"अण्णांनी शपत घातली हुती. तरीबी बोललो की मी त्या दिशी. तुमी ताट दावलं." मग म्हणाल्या, "वैनी, तुमी कुत्र्याचं वजन केलं. मानसाचं कुनी केलं?"

मी तशीच घरी आले. आज सकाळी त्या आल्या. कुकर लावला, भाताची पेज केली, गाळली, आणि वाटी घेऊन सरळ अण्णांच्या खोलीत गेल्या.

ती दोन पानं मी फाडली. तुझं पत्र ठेवलंय. त्या पत्राने मी आत गेले, नाहीतर अजून महिनाभर लख्ख ताट बघत बसले असते.

तुझी,
वहिनी

—

जबलपूर,
११ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

ते पत्र फाड. माझ्यासाठी फाड.

अण्णांचं पत्र मी आता पुन्हा काढून वाचलं. त्यांनी सगळं लिहिलं होतं. पट्टा लिहिला होता, मोकळा भात लिहिला होता, कानांची मी काळजी घेतो असंसुद्धा लिहिलं होतं. मी त्यात फक्त तुझ्याविरुद्धचा पुरावा शोधला.

रजा मिळाली. एकवीस तारखेला सकाळी पोचते. शालूबाईंची माफी मागायला मलाही यायचंय. युक्ती माझी होती.

इरावती

—

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. इरावतीस आशीर्वाद.

तू एकवीसला येणार असे कळले. आल्यावर तू विचारशील, अण्णा, सांगितलं का नाही. समोर मला सांगता येणार नाही. म्हणून आधीच लिहितो. वाच, पण येऊन त्याविषयी बोलू नकोस.

तुझी आई गेली त्या वर्षीची गोष्ट आहे. तू तेव्हा पुण्यात होतीस. गौरी-गणपतीला घरी पंचवीस पाने होती. तिने स्वतः रांधले, सगळ्यांना वाढले, शेवटी स्वतः बसली आणि अर्धे पान तसेच टाकून उठली. मी सगळ्यांसमोर बोललो. म्हटले, चाळीस वर्षांत एवढेही शिकली नाहीस? परत पानावर बसली. एकेक घास पाण्याबरोबर गिळून तिने ते पान संपवले. मी समोर उभा होतो. मला वाटले, शिस्त लागली.

त्यानंतर तिने माझ्यासमोर कधी अन्न टाकले नाही. दीड महिन्याने तिच्या पोटातले दुखणे कळले. डॉक्टरांनी विचारले, एवढे दिवस जेवण जात नव्हते, कुणाच्या लक्षात कसे आले नाही? मी म्हणालो, ताट तर रिकामे असायचे. ते कसे रिकामे होत होते हे मला आजही माहीत नाही. तेव्हा घरात कुत्रे नव्हते.

जुलैमध्ये माझा घास अडकू लागला तेव्हा काय असावे याचा अंदाज मला आला होता. ताटात टाकायचे तर कुठल्या तोंडाने टाकायचे? तिला मी टाकू दिले नव्हते. काकवी समोर बसलेली असायची. तिला दिले. तुझी कुत्री माझ्यामुळे बिघडली, त्याबद्दल मला क्षमा कर. शालूबाईची मी मागितली. ती म्हणाली, "पेज गार हुतीया."

उपचारांचे तीन दिवस झाले. थकवा आहे. डॉक्टर आकडेवारी सांगत होते, मी नको म्हणालो. मला टक्केवारी समजते.

आता मी टेबलावर सगळ्यांबरोबर बसतो. दोन-तीन चमचे जातात. बाकीचे ताटात राहते, आणि सगळ्यांना दिसते. नंदिनी येते, ताट उचलते, एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

तुझा,
अण्णा